समुद्राच्या वाट्याचं पाणी

नदीसाठी रडायचं तर तिच्या मुखाशी जाऊन रडावं. उगमाशी काही कळत नाही. तिथे सगळ्याच नद्या जिवंत असतात. सिंधूही तिथे जिवंतच आहे. कैलासाच्या उत्तरेला, सिंहाच्या मुखातून निघाली असं तिबेटी लोक मानतात त्या जागी, आजही पाणी फुटतं. भोवती याक चरतात, मेंढ्या चरतात, वारा सुटलेला असतो. स्वेन हेडिन १९०७ साली तिथे पोचला तेव्हाही हेच असणार. मरण लागलं आहे ते दुसऱ्या टोकाला, तीन हजारांहून अधिक किलोमीटर खाली. तिथे सिंधूने अरबी समुद्राला भेटायचं असतं, आणि वर्षातले बहुतेक महिने ती भेटत नाही.

सिंधमधलं कोटरी हे तिच्यावरचं शेवटचं बॅरेज. १९५५ सालचं, ४४ दरवाज्यांचं. तिथून समुद्र अजून दीडशेहून जास्त किलोमीटर लांब आहे. पूर ओसरला की दरवाजे मिटतात, आणि खालच्या पात्रात उरते वाळू, मधूनमधून साचलेली डबकी आणि खुरटी झुडपं. ज्या पात्रात होड्या चालायच्या तिथून माणसं पायी पलीकडे जातात. खालून मात्र समुद्र वर येत राहतो. भरतीला तो मोकळ्या पात्रात शिरतो, ओहोटीला पूर्णपणे मागे जात नाही. नदीने सोडलेली जागा तो हळूहळू आपली करत चालला आहे.

आपल्याकडे सकाळच्या स्नानाच्या श्लोकात गंगा-यमुना, गोदावरी-नर्मदा आणि कावेरीच्या पंगतीत सिंधूलाही बोलावणं असतं. या तांब्यातल्या पाण्यात ये, म्हणून. कोकणातल्या विहिरीवर, देशावरच्या आडावर, वाड्याच्या न्हाणीघरात पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी तिला हाक मारली. त्यांतल्या बहुतेकांनी ती कधी पाहिली नव्हती. आज मराठी माणसाला ती दिसते ती लेहला. मीही तिथेच पाहिली. घाटावर आमच्यासारखेच प्रवासी बाटल्या भरून घेत होते, कुणी अर्घ्य देत होतं, एक आजोबा पाण्यात पाय सोडून, डोळे मिटून बसले होते. पाणी इतकं गार की पायातली कळ मस्तकात जावी. त्या दिवशी मला फार आनंद झाला होता. खालच्या टोकाचं दुःख मला तेव्हा माहीत होतं, आणि तरीही झाला होता.

लडाखमध्ये ती मोठी देखणी आहे. निमूला झंस्कार तिला येऊन मिळते. दोन वेगळ्या रंगांची पाणी थोडा वेळ शेजारी शेजारी चालतात आणि मग एक होतात. काठाला जवाची हिरवी पट्टी, जर्दाळूची झाडं, आल्चीच्या विहारातली शेकडो वर्षांपूर्वीची भित्तिचित्रं, आणि बाकी सगळा उघडा डोंगर. पाऊस इथे जवळजवळ नाहीच. जे काही उगवतं ते बर्फाच्या आणि ओढ्याच्या भरवशावर. बटालिकच्या पुढे ती नियंत्रण रेषा ओलांडते. काठावरची माणसं ओलांडू शकत नाहीत. १९४८ पासून कारगिलच्या आणि बाल्टिस्तानच्या कितीतरी घरांत भाऊ इकडे, बहीण तिकडे अशी वाटणी झालेली आहे. श्योक तिला मिळते, स्कर्दूला शिगर मिळते, पुढे गिलगिट. तिथे हिमालय, काराकोरम आणि हिंदुकुश एकमेकांसमोर उभे ठाकलेले आहेत. ८,१२६ मीटरांचा नंगा पर्वत तिच्या काठावरूनच उठतो. शिखर आणि पात्र यांच्या उंचीत जवळपास सात हजार मीटरांचा फरक आहे. एवढा डोंगर कापत आलेल्या नदीच्या अंगात काय बळ असेल!

ते बळ १८४१ साली जगाला दिसलं. आदल्या हिवाळ्यात नंगा पर्वताची एक सोंड कोसळून पात्रात आडवी झाली. सिंधू अडली. मागे कोसच्या कोस लांब तलाव साचत गेला, खालच्या गावांत पाणी आटलं. जूनमध्ये तो बांध फुटला. शेकडो किलोमीटर खाली अटकेजवळच्या मैदानात शिखांची फौज तळ देऊन होती. चिखलाची, झाडांची, दगडांची भिंत चालून आली आणि तळ नाहीसा झाला. सिंधूला अडवलं तर ती काय करते हे डोंगराने एकदा करून दाखवलं होतं. पुढच्या बांधणाऱ्यांनी त्यातून एवढंच घेतलं की आपला बांध जास्त भक्कम हवा.

अटक. हे नाव घेतलं की मराठी मन ताठ होतं. १७५८ साली मराठी फौजा तिथवर गेल्या. राघोबादादा लाहोरपर्यंत आणि पुढे तुकोजी होळकर, साबाजी शिंदे अटकेपर्यंत. घोड्यांना सिंधूचं पाणी पाजलं, हे अभिमानाने सांगत आपण लहानाचे मोठे झालो. ती नदी कशी होती, तिच्यावर कोण जगत होतं, हे मात्र आपल्याला कुणी सांगितलं नाही, आणि आपणही विचारलं नाही. अटकेला काबूल नदी येऊन मिळते, गढूळ, अफगाण मातीची. अकबराचा किल्ला दोन्ही पाण्यांकडे बघत उभा आहे. इथवर आलेल्या सगळ्या फौजांनी सिंधूला एक सीमा मानलं: ओलांडायची, नाहीतर राखायची. नदीला लांबीही असते, आणि त्या लांबीवर माणसं राहतात, हे फौजांना कधी दिसत नाही.

अटकेच्या जरा वर तरबेला आहे. मातीचा अवाढव्य बांध, १४३ मीटर उंच, १९७६ साली पुरा झालेला. त्याच्यासाठी सुमारे ९६,००० माणसं उठवली. वीज आली, उन्हाळ्याला पाणी आलं. हे खोटं नाही. पण सिंधू जगातल्या सर्वांत गाळवाहू नद्यांपैकी एक होती. काराकोरमचे डोंगर दळून त्यांचं पीठ ती समुद्राकडे नेत असे आणि त्या पिठातून नवी जमीन घडवत असे. आता ते पीठ तरबेलात थांबतं. तलावाची एक तृतीयांशाहून जास्त जागा त्याने भरून गेली आहे. वर साचलेला तो गाळ म्हणजे खाली न झालेली जमीन आहे. वरचे अभियंते त्याला साठवणक्षमतेतली घट म्हणून नोंदवतात. खालच्या कोळ्याच्या पायाखालून काय गेलं, त्याचा रकाना त्या वहीत नाही.

सिंधी माणूस तिला दर्याशाह म्हणतो. काठावरचे मोहाणे, जे स्वतःला मीरबहार म्हणवून घेतात, त्यांचा जन्म नावेत आणि मरणही नावेत. मंचर तलावावर त्यांच्या नावेतल्या घरांच्या वस्त्या होत्या. शिडाच्या सावलीत पाळणे, चुली, बदकं. त्यांच्या सपाट तळाच्या, दोन्ही टोकांना उचललेल्या होड्या बघून मोहेंजोदडोच्या मुद्रेवरची होडी आठवल्यावाचून राहत नाही. आता मंचरमध्ये शेतांचं खारट, खतमिश्रित पाणी सोडलं जातं. मासे गेले, तशी बहुतेक माणसंही गेली.

आणि पल्ला. बंगाली माणूस ज्याला इलिश म्हणतो, तोच मासा. समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला गोड्या पाण्यात चढतो. सिंधी श्रद्धा अशी की पल्ला सक्करच्या बेटावरच्या जिंदा पीराच्या दर्शनाला निघतो. जाताना काळसर असतो, दर्शन झालं की रुपेरी होतो, आणि परततानाही दर्ग्याला शेपूट दाखवत नाही. हिंदू त्या पीराला झुलेलाल म्हणतात, मुसलमान ख्वाजा खिज्र. दोघांचाही देव पाण्याचा, आणि झुलेलालचं आसन पल्ल्यावरचं. मोहाणे पल्ला धरायचे ती रीतही विलक्षण होती. मोठ्या मातीच्या मडक्यावर पोट टेकून कोळी धारेत तरंगायचा, हातात लांब दांडीचं जाळं. मासा सापडला की पोटाखालच्या त्याच मडक्यात टाकायचा. नदी, मडकं, माणूस आणि मासा, सगळे एका लयीत खाली वाहत चाललेले. सिंधी कवी शाह अब्दुल लतीफ भिटाईंच्या काव्यातली सोहणी याच धारेत कच्च्या मडक्यासकट विरघळली, असं सिंधी मन मानतं. ज्या नदीवर लोकांचं प्रेम असतं तिनेच बुडवलं तरी ते तिला दोष देत नाहीत. भिटाईंच्या काव्यात नदी आणि समुद्र इतके आहेत की ते वजा केले तर काय उरेल, मला सुचत नाही.

१८३१ साली अलेक्झांडर बर्न्स नावाचा इंग्रज अधिकारी सिंधूतून वर निघाला. नावेत रणजितसिंहांसाठी इंग्लंडच्या राजाची भेट होती, धिप्पाड विलायती घोडे. खरं काम होतं नदीची खोली मोजायचं. काठावरच्या एका सय्यदाने हळहळून म्हटलं की इंग्रजांनी नदी पाहिली, आता सिंध गेला. बर्न्सनेच हे लिहून ठेवलं आहे. बारा वर्षांत सिंध गेला.

त्याच्या पुढच्या गोष्टीत आपण आहोत, म्हणून ती मला टाळता येत नाही. १८४७ पासून १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्याचा भाग होता. सक्करचं बॅरेज मुंबई सरकारच्या अमदानीत उभं राहिलं. ६६ कमानी, सात कालवे, तीस लाख हेक्टरांच्या घरात भिजणारी जमीन. १९३२ साली ते सुरू झालं आणि त्याला नाव दिलं गेलं मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांचं. भोरजवळच्या भाटघरच्या धरणालाही याच लॉइडसाहेबांचं नाव होतं. म्हणजे निरेचं पाणी आणि सिंधूचं पाणी एकाच सरकारने, एकाच दशकात, एकाच विश्वासाने अडवलं. तो विश्वास असा की वाहतं पाणी म्हणजे निसटतं धन.

तो विश्वास मूर्खपणाचा नव्हता. थरचं वाळवंट सरकत येणाऱ्या मुलखात गहू पिकला, कापूस पिकला, भात पिकला. करोडो माणसं त्या कालव्यांवर जेवतात. भुकेल्याच्या ताटातली भाकरी काढून घेऊन मला नदीचं सौंदर्य गायचं नाही. पण सक्करनंतर १९५५ साली कोटरी आलं, १९६२ साली गुड्डू आलं. पंजाबात तर कालव्यांची जाळी आधीपासून पसरली होती. एकेक दरवाजा बसवताना हिशेब वरच्या शेतापासून सुरू व्हायचा आणि शेवटच्या पाटाच्या शेतापाशी संपायचा. समुद्र त्या हिशेबात कधी बसलाच नाही. त्याला पाणी लागतं, हे कुणाला पटतच नव्हतं.

नदीची आंधळी डॉल्फिन, जिला सिंधी लोक बुल्हण म्हणतात, या बांधांमुळे तुकड्यातुकड्यांत अडकली. गढूळ पाण्यात तिला डोळ्यांची गरज कधी पडली नाही. कुशीवर कलून, पराने तळ चाचपत ती पोहते. पूर्वी ती थेट खालपासून अटकेपर्यंत असायची. आता मुख्यतः गुड्डू ते सक्करच्या पट्ट्यात आहे, सुमारे दोन हजार. चुकून कालव्यात शिरली तर पाणी कमी होताच अडकते. मग माणसं तिला ओल्या कापडात गुंडाळून, अंगावर पाणी शिंपडत, गाडीतून परत नदीत नेऊन सोडतात. पन्नासेक वर्षांपूर्वी ती संपल्यातच जमा होती. सिंधच्या लोकांनी आणि वन्यजीव खात्याने तिला परत वाढवलं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण या नदीवर प्रेम करणारे लोक अजून आहेत आणि ते हातावर हात धरून बसलेले नाहीत.

मुखाशी येऊ या. समुद्राला भिडण्याआधी सिंधू पंख्यासारखी पसरायची. सतरा मोठ्या खाड्या मोजल्या जात. केटी बंदर, शाह बंदर, खारो छान ही नावं गलबतांच्या वहिवाटीची. लाल भात व्हायचा, तूप व्हायचं, उंट तिवरांचा पाला खायचे. तिवर कोकणी माणसाला ठाऊक आहे: अर्धं मूळ चिखलात, अर्धा श्वास हवेत. त्याला समुद्र लागतो, पण वरून येणारं थोडं गोडं पाणीही लागतं. सिंधूच्या मुखाशी तिवरवर्गातल्या आठ जाती होत्या असं सांगतात; उरल्या चार. सिंध सरकारने अलीकडच्या काळात तिवरांची फार मोठी लागवड केली आहे, आणि ती जगलीही आहे. मुखाशी आज दिसतात ती बहुतेक झाडं मात्र एकाच हट्टी, खारं पाणी सोसणाऱ्या जातीची. आता एका खोबर खाडीतून तेवढं नदीचं पाणी समुद्राला लागतं, तेही पुरात. विहिरी खारावल्या. शेतावर मिठाची पांढरी साय धरते. पावसाळी वाऱ्याच्या लाटा जमीन खातात आणि ती भरून काढायला गाळ येत नाही. गावं एकदा उठली, मागे सरकून बसली, परत उठली. दफनभूमी पाण्यात गेल्या. त्रिभुज प्रदेशात राहून पिण्याचं पाणी विकत घ्यायची पाळी ज्यांच्यावर आली, त्यांना नदीविषयी काय वाटत असेल?

अशी एक जागा आपल्या देशातही आहे. कच्छमधलं लखपत. सिंधूचा पूर्वेकडचा एक फाटा तिथे यायचा, भात पिकायचा, बंदर चालायचं. १६ जून १८१९ च्या भूकंपात जमिनीचा लांबच लांब उंचवटा उठला. लोक त्याला अल्लाबंद म्हणतात. फाट्याचं पाणी सिंधच्या अमिरांच्या बांधांनी आधीच तोडलं होतं, भूकंपाने वाट कायमची मोडली. आज लखपतचा सात किलोमीटरांचा कोट जवळजवळ रिकाम्या गावाला कवेत घेऊन उभा आहे. वेशीबाहेर खारट चिखल, कोरडा. खारो छानचं काय होणार, हे ज्याला बघायचं असेल त्याला सीमा ओलांडावी लागत नाही.

१९ सप्टेंबर १९६० रोजी कराचीत नेहरू आणि अयुब खान यांनी सिंधू करारावर सह्या केल्या. तीन नद्या इकडे, तीन तिकडे. युद्धांमध्येही तो टिकला, याचं कौतुक झालं ते योग्यच होतं. पण त्यात मुखाचा वाटा नाही. १९९१ साली पाकिस्तानच्या चार प्रांतांनी आपसात पाणी वाटून घेतलं, तेव्हा सिंधने कोटरीखाली वर्षाला एक कोटी एकर-फूट मागितलं, म्हणजे सुमारे ४३५ टीएमसी. आपल्या मापाने चार कोयना. समुद्र आत येऊ नये म्हणून काही पाणी खाली सोडायला हवं हे सगळ्यांनी मान्य केलं, किती ते अभ्यास करून ठरवू म्हणाले. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला निरपराध माणसं मारली गेली आणि भारताने करार स्थगित ठेवला. त्याच महिन्यात सिंधची माणसं, वकील, शेतकरी, बाया, पाकिस्तानी पंजाबातल्या चोलिस्तानच्या नव्या कालव्यांविरुद्ध रस्त्यावर बसली होती. अखेर ते कालवे बाजूला ठेवावे लागले. इकडे दूरचित्रवाणीवर एकेक थेंब अडवायच्या गोष्टी चालल्या होत्या. मारल्या गेलेल्यांचं दुःख माझंही आहे. पण ज्याच्या दारात पन्नास वर्षं पुराखेरीज नदी आली नाही त्या कोळ्याला त्या थेंबांची धमकी कशी पोचणार, हे मला समजेना.

आणि महाराष्ट्रातही हेच बोललं जातं. सह्याद्रीच्या पश्चिमेचं पाणी समुद्रात वाया जातं, ते वळवून गोदावरीत आणा. मराठवाड्याची तहान खरी आहे, जीवघेणी आहे. तिला पाणी मिळायलाच हवं. माझी विनवणी एवढीच की वळवण्याआधी उल्हास-वैतरणेच्या खाडीतल्या कोळणीला एकदा विचारावं, समुद्राला गेलेलं पाणी खरंच वाया जातं का. तिच्या टोपलीतला मासा त्याचं उत्तर आहे.

फाळणीनंतर सिंधूच्या काठचे हिंदू कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आले. १९४९ साली तिथे उल्हासनगर वसलं. पिंपरीत आले, चेंबूरला आले. पापड लाटले, कापड विकलं, वसाहती उभ्या केल्या. नदी आणता आली नाही. चेटीचंडच्या सणाला ते बहराणा सजवतात: कणकेचा दिवा, खडीसाखर, फळं, पाण्याची घागर. वाजतगाजत निघतात आणि जे पाणी जवळ असेल त्यात तो सोडतात, उल्हासमध्ये, खाडीत, तलावात. चाळीस दिवसांचा चालिहो पाळतात. सिंधू पाहिलेल्या आजींची पिढीही आता ओसरत चालली. नातवंडांना पल्ल्यावर बसलेला देव माहीत आहे. पल्ला कुठून निघायचा आणि कुठवर जायचा, हे सांगणारं माणूस घरात नाही.

२०१० च्या पुरात सिंधू समुद्राला भेटली. भरभरून भेटली. सुमारे दोन कोटी लोकांना तिचा तडाखा बसला, घरंदारं, शेतं तिच्याखाली गेली, दोन हजारांच्या आसपास माणसं मेली. त्याच पाण्याने खाली मुखाशी खाड्यांमधलं मीठ धुऊन निघालं, नवा गाळ बसला. जे पाणी दरवर्षी थोडं थोडं गेलं असतं तर खालच्यांना जगवलं असतं, ते एकदम सुटलं आणि वरच्यांना मारून गेलं. या नदीला आता दोनच ऋतू ठेवले आहेत आपण, कोरडा आणि भयंकर. पल्ला अजूनही पुरात वर येतो. कोटरीच्या दरवाज्यांपाशी थांबतो. सक्करचा पीर तिथून कित्येक कोस वर आहे.

खारो छान, केटी बंदरकडची कितीतरी कुटुंबं कराचीच्या किनाऱ्याला इब्राहिम हैदरी, रेहडी गोठ अशा कोळीवाड्यांत येऊन राहिली आहेत. कराचीचं पाणी मुख्यतः कींझर तलावातून येतं. त्या तलावाच्या मध्यात नूरीची समाधी आहे, कोळ्याची ती मुलगी जिच्यावर जाम तमाची राजाचा जीव जडला होता. कींझर भरतो कोटरी बॅरेजवरून निघालेल्या कालव्याने. म्हणजे त्रिभुज प्रदेशातल्या बायका ज्या पाण्यासाठी गाव सोडून आल्या, तेच सिंधूचं पाणी त्यांना शहरात मिळतं, नळ कोरडा असला तर टँकरवरून, पैसे मोजून. स्वयंपाकाला पुरतं, प्यायला पुरतं. त्यांच्या खाडीच्या वाटेला त्यातलं काही जात नाही.